हरणाऱ्या संघाचा चावट सिनेमा मुलांना दाखवावा का?

पत्र

दिवाळीत आमच्या सेलूच्या घरी सगळे जमतात. माझी लेक आठ वर्षांची, मुलगा तेराचा, जाऊबाईंचा मुलगा अकराचा आणि पुण्याचा पुतण्या नुकताच सोळा पूर्ण झालेला. माझा मुलगा शाळेच्या खो-खो संघात आहे. पुतण्यानं एक अमेरिकन सिनेमा शोधून ठेवलाय, हिंदीत डब केलेला. सारखा हरणारा संघ, दारुडा कोच, आणि शेवटी फायनल जिंकतात. सुरुवातीला कोपऱ्यात ‘यू/ए १६+’ येतं आणि खाली ‘भाषा, लैंगिक संवाद, मद्यपान’ असं लिहिलेलं असतं. मुलांचे बाबा म्हणतात, खेळाचाच तर आहे, बघू द्या, जिद्द शिकतील. पुतण्या म्हणतो, काकू, नुसती कॉमेडी आहे. टीव्ही ढाळजेत (पुढच्या बैठकीत) आहे, सासरे तिथंच बसलेले असतात. नाही म्हणावं तर पोरं मोबाईलवर बघतील. ठरवायचं कसं?

— एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर

ताई, आधी निकाल सांगतो, मग कारणं. आठ आणि अकरा वर्षांच्या दोघांना हा सिनेमा दाखवू नका. तेरा वर्षांच्या मुलालाही या सुट्टीत नको. सोळा वर्षांच्या पुतण्यानं पाहायला हरकत नाही, पण ढाळजेत आणि आजोबांसमोर नाही. तुम्ही लिहिलेल्या तीन शब्दांवरून एवढं नक्की म्हणता येतं. बाकीचं मात्र सिनेमा थोडा स्वतः पाहिल्याशिवाय कळणार नाही. नुसतं पोस्टर आणि पुतण्याचा शब्द यावर ठरवणं म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं खोडून काढायला नको, त्यात तथ्य आहे. हरणाऱ्या संघाच्या गोष्टीत जिद्द असतेच. अडचण तिथंच आहे. या प्रकारच्या सिनेमाचा सांगाडा ठरलेला असतो: संघ नालायक, कोच व्यसनी, खेळाडू एकमेकांची टर उडवणारे, मधल्या तासाभरात दारू, पार्ट्या, अंगचटीचे विनोद, आणि शेवटच्या दहा मिनिटांत विजय. हा विजय वाटेतलं सगळं माफ करून टाकतो. ज्यानं मुलींच्या खोलीत डोकावून पाहिलं तोच शेवटचा गुण मिळवतो, त्यालाच खांद्यावर घेऊन नाचतात. मोठ्या माणसाला हे गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येतं. तेरा वर्षांचा मुलगा आवडत्या खेळाडूची नक्कल करतो, आणि त्यात त्याचं चांगलं कुठलं, वाईट कुठलं असं निवडत बसत नाही. म्हणून असा सिनेमा तपासताना शिव्या किती हे मोजण्याआधी एक गोष्ट बघा: शेवटच्या विजयानं कोणाकोणाला आणि कशाकशाला माफी मिळाली?

आता कोपऱ्यातल्या अक्षरांविषयी, कारण त्यात बराच घोळ होतो. थिएटरमध्ये लागणाऱ्या सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. मध्ये पूर्वी एकच ‘यू/ए’ होतं, आणि त्याचा अर्थ १२ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनानं दाखवा, एवढाच होता. २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. ‘ए’ असेल तर थिएटरवाल्यानं १८ खालच्या मुलाला आत सोडायचंच नाही. ‘यू/ए १६+’ मात्र पालकांसाठी सूचना आहे, बंदी नाही. तुम्ही तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर कायदा तुम्हाला अडवत नाही. ठरवायचं तुमच्यावर सोडलेलं आहे, म्हणून ‘कायद्यानं चालतं ना’ असं पुतण्या म्हणाला तरी तो मुद्दा इथं कामाचा नाही.

टीव्हीवरच्या किंवा मोबाईलवरच्या ओटीटीची गोष्ट वेगळी. तिथलं वर्गीकरण मंडळ करत नाही, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ओटीटी कंपनी स्वतः करते. अक्षरं तीच असल्यामुळं लोकांना वाटतं, सेन्सॉरनं पास केलेलं आहे. तसं नसतं. एखाद्या सिनेमाचे काही प्रसंग थिएटरमध्ये कापलेले असले तरी ओटीटीवर ते असू शकतात. एक सोय मात्र या नियमांनी केली आहे. १३+ आणि त्यावरच्या सगळ्या गोष्टींना पालकांचं कुलूप द्यावंच लागतं, आणि ‘ए’ला वय तपासण्याची व्यवस्था. हे कुलूप बहुतेक घरांत कोणी लावतच नाही. त्याकडं शेवटी येऊ.

परदेशी सिनेमाच्या माहितीत तुम्हाला ‘आर’ किंवा ‘पीजी-१३’ दिसेल. अमेरिकेत ‘आर’ म्हणजे १७ खालच्या मुलासोबत आई-वडील किंवा मोठं माणूस हवं. ‘पीजी-१३’ म्हणजे १३ खालच्यांच्या पालकांनी जपून राहावं. ही पायरी तिकडं १९८४ मध्ये आली. त्याआधीच्या सिनेमांना ‘पीजी’ आणि ‘आर’ यांच्या मधली जागाच नव्हती, म्हणून जुन्या क्रीडा-कॉमेडीवर साधं ‘पीजी’ दिसलं तरी आत शिव्या आणि दारू पिणारी पोरं असू शकतात. जुनं आहे म्हणून सोज्वळ असेल, असं धरू नका. ब्रिटनचं ‘१५’ कडक असतं, तिथं थिएटरात १५ खालच्याला पालकांसोबतही प्रवेश नाही. ब्रिटिश मंडळ प्रत्येक सिनेमाखाली कशामुळं हा दर्जा दिला हे शीर्षकवार लिहितं, ते वाचण्यासारखं असतं. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर ‘पॅरेंट्स गाइड’ असतं, त्यात प्रेक्षकांनीच प्रसंगवार नोंदी केलेल्या असतात: लैंगिक दृश्यं, हिंसा, शिवीगाळ, नशा, भीती अशा पाच खणांत. दहा मिनिटांत अंदाज येतो. पण हे खण तिकडच्या लोकांच्या काळजीचे आहेत. काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून, जाडेपणावरून केलेली टिंगल त्यात हमखास निसटते. ‘पोरीसारखा खेळतोस’ हे तर त्यांना नोंदवण्यासारखंही वाटत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागेल.

सिनेमा हाती घेण्याआधी त्याची लांबी बघा. या जातीच्या अमेरिकन कॉमेडींच्या ‘अनरेटेड’ किंवा ‘एक्स्टेंडेड’ आवृत्त्या डीव्हीडीसाठी मुद्दाम काढल्या जात, आणि थिएटरमधून गाळलेला चावटपणा त्यांत परत घातलेला असे. माहितीत ९५ मिनिटं लिहिलंय आणि तुमच्याकडची फाइल १०१ ची आहे, तर ती सहा मिनिटं कशाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. पेनड्राइव्हवर किंवा टेलिग्रामवरून आलेल्या प्रतीत तर प्रमाणपत्रच कापलेलं असतं आणि मध्येच सट्ट्याच्या जाहिराती येतात. अशी प्रत घरात नकोच. बेकायदेशीर आहे, आणि आत काय आहे याचा काही भरवसाही नाही.

डबिंगकडंही लक्ष द्या. हिंदी डबिंगमध्ये दोन्ही गोष्टी होतात: मूळ शिवी सौम्य होते, किंवा मुळात नसलेला द्वयर्थी टोमणा आपल्याकडच्या प्रेक्षकासाठी घातला जातो. खाली इंग्रजी सबटायटल मात्र मूळ संवादाचं असू शकतं. मुलगा इंग्रजी माध्यमात असेल तर तो ऐकेल एक आणि वाचेल दुसरं. शिवाय आवाजाची भाषा बदलायला रिमोटची दोनच बटणं लागतात. त्यामुळं एखादा प्रसंग हिंदीत आणि मूळ भाषेत, दोन्ही लावून बघा.

पाहणी कशी करायची? पूर्ण सिनेमा पाहिला तर उत्तम. वेळ नसेल तर पाऊण तासात काम होतं, पण योग्य ठिकाणं बघायला हवीत. मुलं झोपल्यावर, हेडफोन लावून, सबटायटल सुरू ठेवून बसा. नुसतं बोटानं पुढं सरकवत छोटी चित्रं बघू नका. त्यातून उघडं अंग दिसेल, पण या सिनेमांतला चावटपणा बहुतेक बोलण्यात असतो आणि तो चित्रांत दिसत नाही. पहिली पंधरा मिनिटं पूर्ण बघा. प्रेक्षकाला धरून ठेवायला सगळ्यात मोठा दणका तिथंच टाकतात, आणि सिनेमाची पातळी तिथंच कळते. मग नवा खेळाडू संघात येतो तो प्रसंग शोधा, साधारण विसाव्या ते तिसाव्या मिनिटात. कपडे बदलण्याच्या खोलीतलं दृश्य बहुधा याच्या आसपास असतं. त्यानंतर बाहेरगावच्या सामन्याचा मुक्काम किंवा पार्टी, साधारण मध्यावर. मग फायनलची आदली रात्र, शेवट अर्ध्या तासावर आल्यावर. मग विजयाचा जल्लोष. आणि हे विसरू नका: शेवटची नामावली. नावं वर सरकत असताना चुकलेले शॉट दाखवण्याची या सिनेमांत रीत आहे, आणि तिथं कलाकार मोकळ्या तोंडानं बोलतात. मोठी माणसं उठून गेलेली असतात, मुलं मात्र तोंडाचा आ करून बघत बसलेली असतात.

बघताना वहीचं एक पान घ्या. वेळ लिहा, काय झालं ते लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात लिहा की कोण हसलं आणि कोणावर. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरण म्हणून अशा सिनेमांत हमखास येणारा एक प्रसंग घ्या. नवा, जाडसर मुलगा अंघोळ करून येतो. कोणी त्याचा टॉवेल ओढतं. सगळे त्याच्या अंगावरून बोलतात. तो आधी लाजतो, मग त्यांच्यासोबत स्वतःही हसतो, आणि दुसऱ्याच दृश्यात तो ‘आपला’ झालेला असतो. शिवी एकही नाही, कमरेखालचं काही दाखवलेलं नाही, तरी माझ्या मते तेरा वर्षांच्या खेळाडूसाठी अख्ख्या सिनेमातला हाच सगळ्यात वाईट प्रसंग. तो शिकवतो की संघात यायचं असेल तर अंगावरचं ओढलेलं सहन करायचं आणि वर हसायचं.

तुमचा मुलगा खो-खो खेळतो, म्हणून हे जास्त लागू आहे. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, पुढं जिल्हा, विभाग, राज्य. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. बाहेरगावी गेलं की वेगवेगळ्या गटांतली पोरं एकाच गाडीत, एकाच शाळेच्या वर्गखोलीत सतरंज्या टाकून झोपतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं सिनेमात पाहिलेली गंमत तेरा वर्षांच्या मुलावर तिथं करून बघितली जाते, तेव्हा आसपास कोणी काकू नसते. ज्याला सिनेमा ‘गंमत’ म्हणतो त्याला आपल्याकडं रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. तसंच मुलींच्या खोलीत डोकावणं. सिनेमात त्यावर हशा पिकतो. आपल्याकडं बाईला कपडे बदलताना लपून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि समोर अल्पवयीन मुलगी असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदाही लागू शकतो. आज प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून हे पुतण्याला स्पष्ट शब्दांत सांगितलेलं बरं.

उरलेले विनोद भराभर सांगतो. पादणं, ढेकर, ओकारी यावर लहान मुलं खदखदून हसतात आणि विसरून जातात. त्यानं काही बिघडत नाही. द्वयर्थी बोलणं आठ वर्षांच्या मुलीला कळत नाही, पण ती विचारते, आणि सगळ्यांसमोर विचारते. दारूचं म्हणाल तर प्यायल्याचं दृश्य आहे की नाही यापेक्षा परिणाम दाखवलाय का ते बघा. दारुडा कोच दुसऱ्या दिवशी ठणठणीत उभा राहून डावपेच सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि मुलाला तसं सांगायला हवं. ताकद वाढवायच्या गोळ्या-इंजेक्शनांवर विनोद असेल तर मात्र खेळणाऱ्या मुलाशी थांबून बोला. तालमीत आणि जिममध्ये डब्यातून काय काय दिलं जातं हे आपल्या भागातल्या पालकांना माहीत आहे.

कमरेखाली चेंडू लागणं किंवा लाथ बसणं हा या सिनेमांचा आवडता विनोद. मुलगा कळवळतो, आवाज बारीक होतो, सगळे हसतात. हा विनोद घरी आणि मैदानावर करून बघितला जातो, म्हणून त्याची माहिती असू द्या. टेनिस बॉल असो की सीझन बॉल, तिथं मुद्दाम मारायचं नाही, एवढं ठणकावून सांगा. आणि मार लागल्यावर तासाभरात दुखणं ओसरलं नाही, सूज आली, एक वृषण वर ओढल्यासारखं दिसलं किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. बारा ते अठरा या वयात हे जास्त दिसतं, कधी मार न लागताही होतं. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढं ती झपाट्यानं घटते. मुलं लाजून सांगत नाहीत, त्यामुळं वेळ जातो. विनोद पाहून झाल्यावर ‘असं कधी झालं तर रात्री बारा वाजता उठव मला, पण सांग’ एवढं वडिलांनी म्हणून ठेवावं.

‘पोरीसारखा पळतोस’ हे वाक्य तुमच्या पानावर किती वेळा येतं तेही मोजा. तुमची आठ वर्षांची लेक त्याच घरात आहे. आपल्या मराठवाड्यातल्याच धाराशिवच्या सारिका काळे खो-खो खेळून २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचल्या. भावाच्या खेळात मुली कुठं आहेत हे तिला यातून कळलं पाहिजे, सिनेमातल्या टोमण्यातून नको.

आता प्रश्न: काही प्रसंग रिमोटनं पुढं ढकलून बाकीचा दाखवला तर? बहुतेक पालक हाच मार्ग काढतात आणि तो फसतो. पुढं ढकललं की कोणत्या मिनिटाला काय लपवलंय हे पोरांना नेमकं कळतं, आणि रात्री मोबाईलवर ते त्याच मिनिटावर जातात. शिवाय सुरुवातीचा चावट विनोद शेवटच्या सामन्यात पुन्हा येतो, कथेचा धागाच त्यात असतो. आमचा ठोकताळा असा: दोनपेक्षा जास्त ठिकाणी बटण दाबावं लागणार असेल तर तो सिनेमा त्या वयासाठी नाही. दुसरा लावा. आणि खोलीत जे सगळ्यात लहान मूल आहे त्याच्या वयावर निवड करायची. मोठ्यांना वेगळं बघायचं असेल तर वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत.

सासऱ्यांचाही विचार तुम्ही केलात हे चांगलं केलंत. आजोबांसमोर असा विनोद आला की तेरा-सोळा वर्षांचं पोर हसू दाबतं, नजर चोरतं, आजोबा खाकरतात, कोणीतरी उठून पाणी आणायला जातं. त्या अवघडलेपणात त्या विनोदाबद्दल कोणालाच काही बोलता येत नाही. पुतण्यानं बघायचा असेल तर काकांनी त्याच्यासोबत वर माडीवर बसावं. बाप-काका सोबत असले की एक-दोन प्रश्न सहज विचारता येतात. तपासणी घेतल्यासारखे नकोत. “कामून हसायलास रे एवढं? त्या जाड्याच्या जागी तू असतास तर?” एवढं पुरे. किंवा, “कोचला हे दिसत होतं ना? मग तो गप कामून बसला?” उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, ते दुसऱ्या दिवशी जेवताना येतं. त्यावर भाषण देऊ नका.

नको तो प्रसंग अचानक सगळ्यांसमोर आलाच, तर रिमोटवर झडप घालू नका. झडपेनं त्या दृश्याची किंमत वाढते. शांतपणे थांबवा, “हा विनोद मला आवडला नाही, यात त्या पोरीची थट्टा आहे” असं एक वाक्य बोला, आणि पुढं चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवा.

तेरा वर्षांच्या मुलाला नाही म्हणताना कारण खरं सांगा. ‘तू लहान आहेस’ म्हटलं की तो आज रात्रीच बघेल. असं म्हणून बघा: “मी आधी थोडा बघितला. त्यात नव्या पोराचे कपडे ओढतात आणि त्यावर सगळे हसतात. तुमच्या संघात पुढच्या महिन्यात नवी पोरं येणारेत. मला तो तुला आत्ता दाखवायचा नाही. दहावीत गेलास की आपण दोघं मिळून बघू.” तारीख किंवा इयत्ता सांगितली की नकार पेलतो. आणि तुम्ही खरंच थोडा बघितलेला असला पाहिजे, नाहीतर तो पहिल्याच प्रश्नाला तुम्हाला पकडेल.

तरी चोरून बघितलाच, तर? मोबाईल हिसकावून घेतला की पुढच्या वेळी तो काही विचारायला तुमच्याकडं येणार नाही. आधी विचारा, काय आवडलं? फायनल आवडली म्हणेल, तर फायनलबद्दल बोला. मग त्यातलं काय खटकलं ते तुम्ही एकच सांगा. सगळी यादी वाचू नका.

पुतण्याला या बाजूला ओढा. सोळा वर्षांच्या पोराला शत्रू केलंत तर तो मोबाईल घेऊन गच्चीवर जाईल आणि बाकीचे तिघं त्याच्या मागं. त्याला बाजूला घेऊन म्हणा, “दादा, तू बघ, काका बसतील तुझ्यासोबत. पण धाकट्यांच्या हातात तुझा मोबाईल गेला नाही पाहिजे, ते तुझ्याकडं.” त्याच्यावर विश्वास टाका आणि धाकट्या तिघांच्या कार्यक्रमाची निवड त्याच्याकडंच द्या, अट एकच, यू किंवा ७+. तो स्वतः वर्णन वाचू लागेल.

आणि खेळाची जिद्द दाखवायचीच आहे, तर खरी शर्यत दाखवा. ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे केनियाच्या धावपटूंसोबत पळतो. ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य. सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. सव्वाआठ मिनिटांची शर्यत आहे, आठ वर्षांच्या मुलीपासून आजोबांपर्यंत सगळे श्वास रोखून बघतील, आणि पाण्याच्या अडथळ्यावरून उडी कशी घेतात हे खो-खोवाल्या पोराला दोनदा बघावंसं वाटेल. चुरमुऱ्यांचा सुशीला करून द्या आणि ढाळजेतच लावा.

कुलपाचं आता. टीव्हीवरच्या ओटीटीत मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्याची वयोमर्यादा ७+ ठेवा, तेरा वर्षांच्याचं वेगळं, १३+. मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला पिन लावा. एक जरी प्रोफाइल पिनशिवाय राहिलं तर बाकीच्या कुलपांचा काही उपयोग नाही, पोरं त्याच प्रोफाइलमधून आत जातात. पिन म्हणून घरच्या गाडीचा नंबर किंवा कोणाचं जन्मसाल नको. हा सिनेमा नावानं अडवता येत असेल तर मुलांच्या प्रोफाइलमध्ये तेही करा. आपोआप पुढचं सुरू होण्याची सोय बंद करा, कारण एक सिनेमा संपला की त्याच जातीचा दुसरा पाच-दहा सेकंदांत सुरू होतो. पुतण्यानं पुण्याचं खातं तुमच्या टीव्हीवर उघडलेलं असेल. भाऊबीज झाली, तो एसटीत बसला, की त्याच संध्याकाळी ते खातं टीव्हीवरून साइन आउट करा. नाहीतर तुम्ही लावलेली सगळी कुलपं तशीच राहतील आणि ढाळजेतल्या टीव्हीवर त्याचं उघडं प्रोफाइल पुढच्या दिवाळीपर्यंत चालत राहील.